क्रॉसओव्हर इव्हेंट (कॉमिक्स)

क्रॉसओव्हर इव्हेंट ही अमेरिकन महानायक कॉमिक्समधील एक कथनपद्धती आणि प्रकाशनपद्धती आहे. एकाच प्रकाशन संस्थेच्या निरनिराळ्या मालिकांतील पात्रे या पद्धतीत एका सामायिक संकटाभोवती एकत्र आणली जातात आणि कथा काही महिने अनेक मालिकांतून एकाच वेळी पुढे सरकते. अशा प्रकल्पाचे साधारणपणे दोन भाग असतात. मध्यवर्ती कथानक सांगणाऱ्या मर्यादित अंकांच्या मालिकेला मुख्य मालिका म्हणतात. त्याच कथेशी जोडलेले, पण इतर मालिकांतून किंवा स्वतंत्रपणे प्रसिद्ध होणारे अंक टाय-इन अंक, म्हणजेच पूरक अंक, म्हणून ओळखले जातात. मार्व्हल कॉमिक्स आणि डीसी कॉमिक्स या दोन संस्थांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही पद्धत रूढ केली.

या दोन भागांतील समतोल हा अशा प्रकल्पांतील कळीचा प्रश्न असतो. मुख्य मालिका स्वयंपूर्ण ठेवली तर पूरक अंक विकत घेण्याचे कारण उरत नाही. कथेतील महत्त्वाचे दुवे पूरक अंकांत ठेवले तर केवळ मुख्य मालिका वाचणाऱ्याला कथा तुटक वाटते. गेल्या चार दशकांत या पेचावर निरनिराळे तोडगे काढले गेले.

पार्श्वभूमी

मार्व्हल आणि डीसीच्या बहुतेक मालिका प्रत्येकी एका सामायिक कथाविश्वात घडतात. स्पायडर-मॅनच्या मालिकेतील न्यूयॉर्क तेच फँटास्टिक फोरच्या मालिकेतीलही न्यूयॉर्क असते. त्यामुळे एका मालिकेतील पात्र दुसऱ्या मालिकेत पाहुणे म्हणून येणे ही जुनीच प्रथा होती. मात्र अशा भेटी एक-दोन अंकांत आटोपत आणि दोन्ही मालिकांचा पुढील क्रम सहसा अबाधित राहत असे. मार्व्हलने १९८२ मध्ये 'कॉन्टेस्ट ऑफ चॅम्पियन्स' ही तीन अंकांची मर्यादित मालिका काढून आपल्या बहुतेक महानायकांना एकत्र आणले, परंतु तिचा नियमित मालिकांशी फारसा संबंध नव्हता.

याच सुमारास विक्रीची व्यवस्थाही बदलत होती. १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकेत कॉमिक्स प्रामुख्याने वृत्तपत्रांच्या स्टॉलवर विकले जात आणि न खपलेल्या प्रती परत करता येत. फिल स्यूलिंग यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात सुरू झालेल्या थेट वितरण व्यवस्थेत खास कॉमिक्सची दुकाने सवलतीच्या दरात, पण परत न करण्याच्या अटीवर, माल घेऊ लागली. या दुकानांत नियमित येणारा वाचक एकाच वेळी अनेक मालिका विकत घेणारा होता. कथेचा एक भाग एका मालिकेत आणि दुसरा भाग दुसऱ्या मालिकेत ठेवणे अशा वाचकवर्गामुळेच व्यवहार्य ठरले.

आरंभीचे प्रकल्प

'मार्व्हल सुपर हिरोज सीक्रेट वॉर्स' (१९८४-८५) ही बारा अंकांची मालिका जिम शूटर यांनी लिहिली. चित्रे प्रामुख्याने माइक झेक यांची होती. मॅटेल या खेळणी उत्पादक कंपनीच्या खेळण्यांशी हा प्रकल्प जोडलेला होता. बियाँडर नावाची सर्वशक्तिमान शक्ती महानायक व खलनायकांना एका दूरस्थ ग्रहावर नेऊन परस्परांशी लढायला लावते, असे तिचे कथानक आहे.

समतोलाच्या दृष्टीने या मालिकेची रचना लक्षणीय होती. नियमित मालिकांतील नायक एका महिन्याच्या अंकाच्या शेवटी सेंट्रल पार्कमधून अदृश्य झाले आणि पुढच्याच महिन्याच्या अंकात परतले. त्यांच्या दृष्टीने युद्ध संपले होते. वाचकासाठी मात्र ते आणखी वर्षभर चालणार होते. परतलेल्या नायकांमध्ये झालेले बदल आधी दिसले आणि त्यांची कारणे मुख्य मालिकेतून सावकाश उलगडली. स्पायडर-मॅनचा काळा पोशाख 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २५२ व्या अंकात (मे १९८४) आला; तो कसा मिळाला हे 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात (डिसेंबर १९८४) सांगितले गेले. थिंग हे पात्र त्या ग्रहावरच मागे राहिले आणि फँटास्टिक फोरमध्ये त्याच्या जागी शी-हल्क आली. या रचनेमुळे नियमित मालिकांच्या लेखकांना मुख्य कथेच्या प्रगतीची वाट पाहावी लागली नाही आणि वाचकाला मुख्य मालिका वाचण्याचे कारण मिळाले. तिची एक मर्यादाही होती. सर्व नायक सुखरूप परतणार, हे वाचकाला पहिल्याच महिन्यात कळून चुकले होते.

डीसीच्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (१९८५-८६) या बारा अंकांच्या मालिकेचे लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ होते. डीसीच्या पन्नासाव्या वर्षात निघालेल्या या मालिकेचा उद्देश अनेक समांतर पृथ्वींचा गुंता संपवून एकच इतिहास निर्माण करणे हा होता. सातव्या अंकात सुपरगर्लचा आणि आठव्या अंकात बॅरी अ‍ॅलन या फ्लॅशचा मृत्यू झाला. येथे मुख्य मालिकेचे पारडे निर्विवादपणे जड होते. निर्णायक घटना तिच्यातच घडल्या आणि नियमित मालिकांनी त्यांच्याशी जुळवून घेतले. 'द फ्लॅश' ही मालिका तर फ्लॅशच्या मृत्यूपूर्वीच ३५० व्या अंकावर थांबवण्यात आली होती.

या प्रकल्पाच्या काही पूरक अंकांत मुख्य कथेशी असलेला संबंध केवळ नावापुरता होता. जगबुडीची खूण म्हणून आकाश लाल झालेले दाखवायचे, पात्रांनी त्याबद्दल एखादे वाक्य बोलायचे आणि पुढे मालिकेची नेहमीची कथा चालू ठेवायची, असा तो प्रकार होता. यावरूनच नाममात्र पूरक अंकांसाठी 'लाल आकाश' हा उपरोधिक शब्दप्रयोग चाहत्यांमध्ये रूढ झाला.

'सीक्रेट वॉर्स २' (१९८५-८६) मध्ये याउलट टोक गाठले गेले. मुख्य मालिका नऊ अंकांची, तर तिच्याशी जोडलेले अंक तिसाहून अधिक होते. पृथ्वीवर आलेला बियाँडर एकामागून एक मालिकांतून फिरत राहिला. त्या मालिकांच्या लेखकांना आपले चालू कथानक थांबवून त्याला जागा करून द्यावी लागली. मुख्य मालिका आणि पूरक अंक यांचे गुणोत्तर हा चर्चेचा विषय येथूनच झाला.

पूरक अंकांचे प्रकार

मुख्य कथेशी असलेल्या नात्यानुसार पूरक अंकांचे पुढील प्रकार ढोबळमानाने करता येतात. एकाच प्रकल्पात हे सर्व प्रकार आढळू शकतात.

पूर्वपीठिका: मुख्य मालिकेपूर्वी प्रसिद्ध होऊन संघर्षाची भूमी तयार करणारे अंक. 'इन्फिनिट क्रायसिस' (२००५-०६) या सात अंकांच्या मालिकेपूर्वी डीसीने 'व्हिलन्स युनायटेड', 'द ओमॅक प्रोजेक्ट', 'डे ऑफ व्हेन्जन्स' आणि 'रान-थानागार वॉर' या चार मर्यादित मालिका काढल्या होत्या.

समांतर कथा: मुख्य मालिकेतील घटना दुसऱ्या पात्राच्या किंवा सामान्य माणसाच्या नजरेतून दाखवणारे अंक. पॉल जेन्किन्स यांची 'सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन' ही अकरा अंकांची मालिका प्रामुख्याने बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड या दोन पत्रकारांच्या दृष्टीने घडते.

पूर्ववृत्त: मुख्य मालिकेत चालू काळातील घटना आणि पूरक अंकांत त्यामागचा भूतकाळ, अशी विभागणी. 'सीक्रेट इन्व्हेजन' (२००८) मध्ये रूप पालटणारे स्क्रल परग्रहवासी महानायकांच्या वेषात पृथ्वीवर वावरत असल्याचे उघड होते. त्यांनी कोणाची जागा केव्हा आणि कशी घेतली, हे ब्रायन मायकेल बेंडिस यांनी आपल्याच 'न्यू अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'मायटी अ‍ॅव्हेंजर्स' या मालिकांत सांगितले.

विस्तार: मुख्य मालिकेत एखाद्या चौकटीत आटोपलेला प्रसंग सविस्तर मांडणारे अंक. 'अ‍ॅव्हेंजर्स व्हर्सेस एक्स-मेन' (२०१२) या बारा अंकांच्या मालिकेसोबत निघालेल्या सहा अंकी 'एव्हीएक्स: व्हर्सेस'मध्ये केवळ द्वंद्वयुद्धे होती. त्यामुळे मुख्य मालिकेला कथानकासाठी मोकळी जागा मिळाली आणि द्वंद्वात रस नसलेल्या वाचकाला हे अंक टाळता आले.

परिणामकथा: मुख्य मालिका संपल्यानंतरची पडझड दाखवणारे अंक. 'सिव्हिल वॉर'नंतर कॅप्टन अमेरिकाच्या हत्येचा प्रसंग मुख्य मालिकेत न येता त्याच्या स्वतःच्या मालिकेच्या २५ व्या अंकात (२००७) आला. ही मालिका एड ब्रुबेकर लिहीत होते.

नाममात्र अंक: वर उल्लेखिलेला 'लाल आकाश' प्रकार.

समतोलाच्या पद्धती

मुख्य मालिकेविना क्रॉसओव्हर

प्रत्येक प्रकल्पाला मुख्य मालिका असतेच असे नाही. १९८६ मधील 'म्युटंट मॅसकर'ची कथा 'अनकॅनी एक्स-मेन', 'एक्स-फॅक्टर', 'न्यू म्युटंट्स', 'थॉर', 'पॉवर पॅक' आणि 'डेअरडेव्हिल' या मालिकांत विभागलेली होती. क्रिस क्लेअरमाँट, लुईझ सायमनसन आणि वॉल्टर सायमनसन हे तिचे प्रमुख लेखक होते. भूमिगत बोगद्यांत राहणाऱ्या मॉरलॉक समूहाचे हत्याकांड हा समान प्रसंग असला, तरी प्रत्येक मालिकेची कथा बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे वाचता येत होती. २०२० मधील 'एक्स ऑफ स्वोर्ड्स' या बावीस भागांच्या प्रकल्पात नेमकी उलट भूमिका घेतली गेली. त्यात क्रमांक दिलेला प्रत्येक अंक मुख्य कथेचाच भाग होता आणि 'पूरक' असे काही उरले नव्हते. पहिल्या पद्धतीत वाचकाला निवड करता येते. दुसऱ्या पद्धतीत त्याला सर्व अंक घ्यावे लागतात, पण कोणता अंक आवश्यक आहे याविषयी संभ्रम राहत नाही.

मर्यादित व्याप्ती

जिम स्टारलिन लिखित 'द इन्फिनिटी गॉन्टलेट' (१९९१) मध्ये खलनायक थॅनोस पहिल्याच अंकाच्या शेवटी विश्वातील निम्मी जीवसृष्टी नष्ट करतो. इतकी प्रचंड घटना असूनही पूरक अंकांची संख्या तुलनेने कमी होती आणि सहा अंकांची मुख्य मालिका एकटी वाचली तरी कथा पूर्ण होते. त्यानंतरच्या 'द इन्फिनिटी वॉर' (१९९२) या प्रकल्पात पूरक अंकांची संख्या बरीच वाढवण्यात आली.

नियमित मालिकांना विराम

नियमित मालिका काही काळ थांबवून सगळे कथाविश्वच बदलायचे, हा आणखी एक मार्ग आहे. १९९५ च्या 'एज ऑफ अपॉकॅलिप्स'मध्ये प्रोफेसर झेव्हियरचा भूतकाळात मृत्यू झाल्याने इतिहास पालटतो. चार महिन्यांसाठी एक्स-मेन गटातील आठ मालिका बंद करून त्यांच्या जागी नव्या नावांच्या मालिका आल्या. 'अनकॅनी एक्स-मेन'ची जागा 'अ‍ॅस्टॉनिशिंग एक्स-मेन'ने, तर 'वुल्व्हरिन'ची 'वेपन एक्स'ने घेतली. प्रारंभाला 'एक्स-मेन: अल्फा' आणि शेवटाला 'एक्स-मेन: ओमेगा' हे दोन विशेष अंक होते. कोणत्याही लेखकाच्या चालू कथेत मध्येच व्यत्यय आला नाही, कारण चालू कथाच अस्तित्वात नव्हत्या.

जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच यांच्या 'सीक्रेट वॉर्स' (२०१५-१६) मध्ये हीच कल्पना जवळजवळ संपूर्ण मार्व्हल प्रकाशनाला लागू करण्यात आली. विश्वाचा नाश होऊन उरलेल्या तुकड्यांतून 'बॅटलवर्ल्ड' हा ग्रह बनतो. त्यातील प्रत्येक प्रांत हा एका वेगळ्या पूरक मालिकेचा विषय होता. पूरक मालिकांना स्वतःचा भूभाग मिळाल्याने त्यांना मुख्य कथेच्या तारखांशी जुळवून घेण्याची गरज फारशी पडली नाही.

एका लेखकाचे नियंत्रण

मुख्य मालिका आणि महत्त्वाचे पूरक अंक एकाच लेखकाकडे असले तर विसंगती कमी होतात. हिकमन यांच्या 'इन्फिनिटी' (२०१३) मध्ये सहा मुख्य अंकांच्या जोडीला ते स्वतः लिहीत असलेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'न्यू अ‍ॅव्हेंजर्स' या मालिका होत्या. तिन्ही आलटून पालटून वाचल्या तरच कथा पूर्णपणे उमजते. म्हणजे सुसंगती साधली गेली, परंतु मुख्य मालिकेची स्वयंपूर्णता कमी झाली.

काटेकोर वेळापत्रक

डीसीची 'मिलेनियम' (१९८८) ही आठ अंकांची मालिका साप्ताहिक होती आणि तिच्या पूरक अंकांवर आठवड्याचा क्रमांक छापलेला असे. ग्रँट मॉरिसन यांच्या 'डीसी वन मिलियन' (१९९८) मध्ये मुख्य मालिकेचे चार अंक एकाच महिन्यात दर आठवड्याला निघाले. त्या महिन्यात सहभागी मालिकांच्या अंकांना नेहमीच्या क्रमांकाऐवजी १०,००,००० हा क्रमांक देण्यात आला होता. प्रकल्प महिनाभरातच संपल्याने नियमित मालिकांना फक्त एका अंकाचा खंड पडला.

उदाहरण: सिव्हिल वॉर

मार्क मिलर लिखित आणि स्टीव्ह मॅकनिव्हन चित्रित 'सिव्हिल वॉर' (२००६-०७) ही सात अंकांची मालिका या समतोलाचे बहुचर्चित उदाहरण आहे. महानायकांनी आपली खरी ओळख सरकारकडे नोंदवावी असा कायदा होतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने आणि कॅप्टन अमेरिका विरोधात उभा राहतो.

येथे 'काय घडले' हे मुख्य मालिकेत आणि 'का घडले' हे बऱ्याच अंशी पूरक अंकांत, अशी वाटणी दिसते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्पायडर-मॅन जगासमोर मुखवटा काढतो. या निर्णयापूर्वी तो आयर्न मॅनच्या किती जवळ गेला होता, हे जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'मध्ये आधीच आले होते. पुढे तो बाजू बदलतो, तेव्हा मुख्य मालिकेत प्रामुख्याने त्याची कृती दिसते. कायदा न मानणाऱ्यांसाठी बांधलेला तुरुंग पाहिल्यावर त्याच्या मनात उठलेले वादळ त्याच्या स्वतःच्या मालिकेत येते. केवळ मुख्य मालिका वाचणाऱ्याला घटना समजतात, परंतु हे मनपरिवर्तन काहीसे आकस्मिक वाटू शकते.

या वाटणीचा दुसरा परिणाम वेळापत्रकावर झाला. चौथ्या अंकापासून मुख्य मालिकेला विलंब होऊ लागला. पूरक अंक ठरल्या दिवशी काढले असते, तर मुख्य मालिकेतील कलाटण्या आधीच उघड झाल्या असत्या. मार्व्हलने चित्रकार न बदलता मुख्य मालिका पुढे ढकलली आणि तिच्यावर अवलंबून असलेले पूरक अंकही रोखून धरले. परिणामी त्या काळात दुकानांत येणारे मार्व्हलचे अनेक अंक लांबणीवर पडले. परत न करता येणाऱ्या मालावर चालणाऱ्या छोट्या दुकानदारांना याची झळ बसली. मात्र संकलित ग्रंथात संपूर्ण मालिकेची चित्रशैली एकसारखी राहिली.

डीसीने 'फायनल क्रायसिस' (२००८-०९) च्या वेळी वेगळा मार्ग निवडला. मूळ चित्रकार जे. जी. जोन्स यांना सर्व अंक पूर्ण करणे शक्य न झाल्याने इतर चित्रकारांची मदत घेण्यात आली आणि शेवटचा अंक डग मान्की यांनी रेखाटला. या प्रकल्पात पूरक अंकांचा प्रश्नही दोन बाजूंनी उभा राहिला. त्याची पूर्वतयारी म्हणून निघालेल्या 'काउंटडाउन' या साप्ताहिक मालिकेतील घटना मुख्य मालिकेशी नीट जुळल्या नाहीत. दुसरीकडे, मॉरिसन यांनीच लिहिलेल्या 'सुपरमॅन बियाँड' या दोन अंकी पूरक मालिकेवाचून मुख्य मालिकेचा शेवट दुर्बोध ठरत होता. संकलित ग्रंथात हे दोन अंक मुख्य अंकांच्या मध्ये समाविष्ट करण्यात आले.

आर्थिक बाजू

थेट वितरण व्यवस्थेत दुकानदार अंक प्रसिद्ध होण्याच्या सुमारे दोन महिने आधी मागणी नोंदवतो. क्रॉसओव्हरमधील पहिल्या अंकाला वाचक कसा प्रतिसाद देतात हे कळण्यापूर्वीच पुढील अंकांच्या प्रती मागवाव्या लागतात. एखाद्या प्रकल्पाला अनेक पूरक अंक असतील, तर प्रत्येक अंकाबाबत स्वतंत्र अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर न खपलेल्या प्रतींचा तोटा दुकानदाराचाच असतो.

प्रकाशकाच्या दृष्टीने पूरक अंकाचा मुख्य लाभ म्हणजे कमी खपाच्या मालिकेकडे नवे वाचक वळवणे. 'ब्लॅकेस्ट नाइट' (२००९-१०) च्या वेळी डीसीने काही पूरक अंकांच्या ठरावीक प्रती मागवणाऱ्या दुकानदारांना वाटपासाठी रंगीत प्लॅस्टिकच्या अंगठ्या दिल्या. मृत पात्रे जिवंत होण्याच्या या कथेला साजेशी आणखी एक योजना म्हणजे, जानेवारी २०१० मध्ये 'सुइसाइड स्क्वॉड' आणि 'स्टारमॅन' यांसारख्या बंद पडलेल्या मालिका पुढील क्रमांकाच्या एकेका अंकापुरत्या पुन्हा काढण्यात आल्या. क्रॉसओव्हरमुळे आलेला वाचक प्रकल्प संपल्यावर त्या मालिकेत टिकेलच याची मात्र शाश्वती नसते.

संपादकांची भूमिका

मुख्य मालिकेची रूपरेषा बहुधा लेखक व संपादकांच्या एकत्रित बैठकीत ठरते. त्यानंतर कोणती घटना कोणत्या अंकापर्यंत गुप्त ठेवायची, कोणते पात्र कोणत्या वेळी कुठे असेल आणि कोणाचा पोशाख केव्हा बदलेल, याचा मेळ संपादक घालतात. पूरक अंक लिहिला जात असताना मुख्य मालिकेची अंतिम संहिता तयार असेलच असे नसते. त्यामुळे लेखकांना अनेकदा केवळ रूपरेषेवर काम करावे लागते आणि मुख्य कथेत ऐनवेळी बदल झाला की विसंगती निर्माण होते.

नियमित मालिकेच्या लेखकापुढे वेगळीच अडचण असते. त्याच्या कथानकाची आखणी वर्षभराची असू शकते आणि क्रॉसओव्हर तिच्या मध्येच येतो. म्हणून अनेक लेखक मोठ्या घटनेची केवळ पार्श्वभूमी घेऊन आपल्या पात्राचा आधीच चालू असलेला प्रश्न पुढे नेतात. अशा अंकांचा नियमित वाचकाला उपयोग होतो, परंतु मुख्य मालिकेचा पुढचा दुवा शोधत आलेल्या वाचकाची निराशा होऊ शकते.

टीका

क्रॉसओव्हरवरील टीकेचा रोख प्रामुख्याने तीन गोष्टींवर असतो. पहिली गोष्ट खर्चाची आहे. सात-आठ अंकांच्या मुख्य मालिकेभोवती अनेक पटींनी अधिक पूरक अंक असतील, तर संपूर्ण कथा वाचणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते. दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रकल्प संपण्यापूर्वीच पुढच्याची घोषणा होत असल्याने येणारा शीण. तिसरी गोष्ट परिणामांच्या विश्वासार्हतेची आहे. आठ अंकांचे नियोजन असलेली २०१५ ची 'सीक्रेट वॉर्स' नऊ अंकांची झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये संपली. तिच्यानंतरच्या काळात घडणाऱ्या नव्या मालिका मात्र ऑक्टोबर २०१५ मध्येच सुरू झाल्या होत्या. त्यामुळे कोण वाचले आणि जग कसे सावरले, हे वाचकाला शेवटाआधीच समजले.

समर्थकांच्या मते सामायिक कथाविश्व हेच या कॉमिक्सचे वैशिष्ट्य असून एखाद्या घटनेचे पडसाद अनेक आयुष्यांत कसे उमटतात, हे दाखवण्याची संधी पूरक अंकांमुळे मिळते. 'फ्रंट लाइन'सारख्या मालिकांत महानायकांच्या युद्धाची किंमत सामान्य नागरिकांच्या बाजूने मांडता आली. मुख्य मालिकेच्या वेगवान कथनात त्याला पुरेसा अवकाश नसतो.

वाचनक्रम आणि संकलित आवृत्त्या

प्रकल्प चालू असताना वाचकाला मार्गदर्शन व्हावे म्हणून अंकांत सहभागी मालिकांच्या याद्या छापल्या जातात आणि मुखपृष्ठांवर समान बोधचिन्ह किंवा पट्टी वापरली जाते. मात्र अशी पट्टी सर्व पूरक अंकांवर सारखीच असते. अत्यावश्यक अंक आणि नाममात्र अंक यांतील फरक तिच्यावरून कळत नाही.

प्रकल्प संपल्यानंतर बहुधा मुख्य मालिका एका ग्रंथात आणि पूरक अंक मालिकानिहाय स्वतंत्र ग्रंथांत संकलित केले जातात. काही प्रकल्पांच्या बृहद् आवृत्त्यांत सर्व अंक कथाक्रमाने एकत्र लावलेले असतात. दरमहा वाचणाऱ्याला जाणवलेला विलंब आणि व्यत्यय ग्रंथरूपात वाचणाऱ्याला जाणवत नाही. उलट, मासिक स्वरूपात सहज भरून निघालेली एखादी उणीव केवळ मुख्य मालिकेच्या ग्रंथात ठळकपणे दिसते. त्यामुळे कोणते पूरक अंक मुख्य ग्रंथात घ्यायचे, या निवडीवरून कथेला खरोखर आवश्यक असलेल्या अंकांविषयीची प्रकाशकाची भूमिका बऱ्याच अंशी स्पष्ट होते.